बेडला जोडायचा पाळणा घेताय? आधी स्वतःचा बेड मोजा

सातवा महिना लागला की डोहाळजेवणाच्या यादीसोबत बाळाच्या खरेदीची यादी पण सुरू होते आणि हल्ली त्या यादीत बेडसाइड क्रिब हमखास असतो. म्हणजे आईच्या बेडला चिकटवून लावायचा छोटा पाळणा, त्याची बेडकडची बाजू खाली करता येते, त्यामुळे रात्री खाली न उतरता नुसता हात लांब केला की बाळ हाताशी. ओळखीतल्या मुली मला विचारतात, कुठल्या कंपनीचा घेऊ गं? मी उलट विचारते, तुमचा बेड कसला आहे? त्यावर बहुतेक जणींना काही सुचतच नाही, कारण सगळं लक्ष पाळण्याच्या फोटोंकडे असतं, पण हा पाळणा एकटा कधी वापरायचाच नसतो, तो तुमच्या बेडला किती नीट बसतो यावरच तो सोयीचा की डोकेदुखीचा, आणि मुख्य म्हणजे सुरक्षित की नाही, हे ठरतं.

आधी हा प्रकार कशासाठी आहे ते बघू. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची जी मोठी संघटना आहे, अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, तिने 2022 साली बाळाच्या झोपेबद्दलच्या सूचना नव्याने दिल्या. त्यात सांगितलंय की किमान पहिले 6 महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत झोपावं पण स्वतःच्या वेगळ्या गादीवर. खोली एक, गादी वेगळी, एवढंच. वेगळी खोली का नको तर बाळ जवळ असलं की त्याची हालचाल, आवाज लगेच कळतात, दूध पाजणं सोपं जातं. आणि एकच गादी का नको तर मोठ्यांच्या गाद्या मऊ, त्यावर पांघरुणं, उशा, आणि दिवसभर दमलेली दोन माणसं. बेडसाइड क्रिब हा या दोन्हीच्या मधला मार्ग आहे.

आता यात घाबरण्यासारखं नक्की काय आहे हे माहीत असलं की पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या मानाने खूप मोठं आणि जड असतं, मान सावरायची ताकद नसते, आणि श्वासनलिका बारीक आणि मऊ. त्यामुळे बाळ जरा जरी उंच-तिरक्या जागेवर किंवा खोलगट जागेत झोपलं तर डोकं पुढे कलतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते. यात बाळ रडत नाही, हातपाय मारत नाही, दुरून बघणाऱ्याला वाटतं किती शांत झोपलंय. दुसरा प्रकार म्हणजे तोंड मऊ गादीत किंवा उशीत रुतलं की बाळ स्वतःच सोडलेली हवा परत परत आत घेतं, त्यातला ऑक्सिजन कमी होत जातो आणि इतक्या लहान बाळाला मान फिरवून तोंड मोकळं करता येत नाही. आणि तिसरं, ज्याला सिड्स म्हणतात, म्हणजे वरवर ठणठणीत बाळ झोपेतच जातं आणि तपासणी करूनही कारण सापडत नाही. याचा धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सगळ्यात जास्त असतो आणि अशा घटनांपैकी साधारण 90 टक्के पहिल्या 6 महिन्यांतल्या असतात. नेमका हाच काळ आपण बेडसाइड क्रिबसाठी बघतोय.

म्हणून गादी सपाट हवी, टणक हवी, आणि वर बाळाशिवाय काही नको. झालं. बाकी सगळा तपशील या तीन गोष्टींचाच.

सपाट म्हणजे अगदी सपाट. काही पाळण्यांना एका बाजूचे पाय थोडे उंच करायची सोय देतात, दूध वर येऊ नये म्हणून, दुकानदार ते कौतुकाने करून दाखवतो. ती सोय असली तरी वापरू नका. तिरक्या झोपण्याचा अमेरिकेत फार मोठा अनुभव घेऊन झालाय. फिशर-प्राइसचा रॉक अँड प्ले नावाचा तिरका झुलता बिछाना तिथे घराघरात होता, बाळं त्यात छान झोपतात म्हणून आया खूश होत्या, आणि एप्रिल 2019 मध्ये बाळांच्या मृत्यूंच्या नोंदी पुढे आल्यावर कंपनीला जवळपास 47 लाख नग परत बोलवावे लागले. मग 2022 मध्ये तिथे कायदाच झाला, 10 अंशांपेक्षा जास्त उताराचे झोपायचे प्रकार विकायचे नाहीत, आणि पाळण्याच्या आतून लावतात त्या गुबगुबीत पॅडिंगच्या पट्ट्या, बंपर, त्याही बंद. आपल्याकडे ऑनलाइन या दोन्ही वस्तू अजून सर्रास मिळतात, ससे आणि ढग छापलेल्या, त्यामुळे विकायला आहे म्हणजे चांगलंच असणार असं धरून चालू नका.

आता बेडकडे येते. आपल्या शहरातल्या घरांत निम्मे बेड स्टोरेजवाले असतात, खाली बॉक्स किंवा हायड्रॉलिक, गाद्या-रजया ठेवायला. आणि बेडसाइड क्रिबचं डिझाइन ज्या देशांतून आलंय तिथे बेडला पाय असतात, खाली मोकळी जागा असते. क्रिबचे पाय त्या मोकळ्या जागेत सरकवायचे, तेव्हा तो बेडला घट्ट टेकतो. बॉक्सच्या बेडखाली पाय जाणार कुठे? माझ्या मावसबहिणीकडे पुण्यात हेच झालं, पार्सल आलं, भावोजींनी रविवारी दीड तास खपून जोडलं, आणि लावायला गेले तर पाय प्लायवूडला आपटून क्रिब बेडपासून वीतभर लांब. काही मॉडेल्सचे बेडकडचे पाय आत दुमडता येतात, स्टोरेज बेड असेल तर मुद्दाम तसलंच शोधा आणि पाय दुमडल्यावर क्रिब बेडला बांधायचा पट्टा कसा लावायचा हे त्यांच्या मॅन्युअलमध्ये दिलंय का बघा, कारण तेव्हा क्रिबचा तोल पट्ट्यावरच जास्त असतो.

टेप घ्या आणि तीन मापं काढा. जमिनीपासून तुमच्या गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची, गादी अंथरलेली असतानाच, नुसती बेडची नाही. मग बेडखाली मोकळी जागा किती. आणि बेडच्या ज्या बाजूला आई झोपणार त्या बाजूला भिंतीपर्यंत किंवा कपाटापर्यंत किती जागा उरते, कारण क्रिब लावल्यावर रात्री बाथरूमला जायची वाट उरली पाहिजे. मुंबईत वन बीएचकेमध्ये बेड कोपऱ्यात भिंतीला लावलेला असतो आणि एकच बाजू मोकळी असते, तिथे क्रिब लावला की आईला पायथ्याकडून सरपटत उतरावं लागतं, सिझेरियन झालेल्या बाईला हे पहिले पंधरा दिवस जमतच नाही. अशा घरात बेडच फिरवून घ्यावा लागतो, तो बाळंतपणाआधी फिरवा, नंतर कोणाला वेळ नसतो. अजून एक, बऱ्याच लाकडी बेडना गादीच्या बाजूने दोन-तीन इंच रुंद फळी बाहेर येते. फोटोत हे कळत नाही पण त्या फळीमुळे तुमची गादी आणि क्रिब यांच्यामध्ये तेवढीच फट राहते.

आणि ही फट हाच खरा मुद्दा आहे. बाळ सरकत सरकत त्या फटीत गेलं तर अंग खाली घसरतं आणि डोकं अडकतं. फट असेल तर आपल्याकडचा पहिला उपाय ठरलेला, टॉवेलची गुंडाळी नाहीतर लोड कोंबायचा. नका करू. टॉवेल रात्रीत दबतो, सरकतो, आणि मग फट आहे ती आहेच, वर तोंडावर यायला एक टॉवेल पण आहे. फट पट्ट्यानेच बंद व्हायला हवी, क्रिबसोबत येणारे पट्टे बेडच्या सांगाड्याला गुंडाळून किंवा गादीखालून पलीकडच्या बाजूला नेऊन ताणायचे असतात. बांधून झालं की रिकाम्या बेडवर खूश होऊ नका, नवऱ्याला कडेला झोपायला सांगा. फोमची गादी कडेला माणूस आला की चांगली दोन-तीन इंच दबते आणि दिवसा नसलेली फट तेव्हा दिसायला लागते. मग क्रिब हाताने बाहेरच्या दिशेला जोरात ओढून बघा, हलला तर पट्टा सैल आहे. पट्टे काही दिवसांत ढिले पडतात, त्यामुळे चादर बदलायच्या दिवशी एकदा ओढून बघायची सवय लावून घ्या. चाकं असतील तर लॉक लावलेलं पाहिजे, आपल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर या वस्तू भलत्याच सहज घसरतात.

जाहिरातीत बघाल तर एक बाजू पूर्ण उघडी, आईची गादी आणि बाळाची गादी एकसलग. दिसायला गोड दिसतं. पण युरोपचं जे स्टँडर्ड आहे, ईएन 1130, त्याच्या 2019 च्या आवृत्तीत असं आहे की बाजू खाली केली तरी बाळाच्या गादीपासून किमान 120 मिलिमीटर उंचीची आड राहिली पाहिजे. म्हणजे साधारण पावणेपाच इंच. त्यामुळे बाळ तुमच्या बेडवर गडगडत येत नाही आणि तुमचं पांघरूण, उशी, ओढणी सहज तिकडे जात नाही. आडीची वरची कड आणि तुमच्या गादीची उंची एका पातळीत यावी, म्हणून तर उंची मोजायला सांगितली. क्रिबला उंचीच्या पाच-सहा पायऱ्या असतात, त्यातली एखादी तरी तुमच्या मापाला जुळायला हवी. ईएन 1130 हे अक्षर-अंक पाळण्याच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलवर असतील तर चांगलं, नसतील तर विक्रेत्याला लेखी विचारा, "मॅडम एकदम सेफ आहे" हे उत्तर नव्हे.

टणक गादी म्हणजे किती टणक, हे आपल्या लोकांना पटवणं सगळ्यात अवघड. गादीवर तळहात दाबून उचलला की खड्डा राहता कामा नये, आणि बाळ ठेवलं की त्याच्या डोक्याभोवती गादी वर यायला नको. आजी हात लावून म्हणणार, अगं किती कडक आहे, बाळाची पाठ दुखेल, एखादी दुलई घाल खाली. बाळाची पाठ दुखत नाही. क्रिबसोबत जी गादी येते तीच वापरायची, वर दुसरी गादी नाही, गोधडी नाही, कारण जाडी वाढली की कडेची आड तेवढीच बुटकी होते आणि कोपऱ्यांत नव्या फटी पडतात. गादी आणि कडा यांच्यामध्ये दोन बोटं जात असतील तर गादी लहान आहे. खाली रबरशीट किंवा क्विक ड्राय शीट आणि वर घट्ट बसणारी चादर एवढं पुरतं. लाकडी गज असलेला पाळणा असेल तर गजांमधलं अंतर 6 सेंटिमीटरच्या आसपास, त्याहून जास्त नको, कोल्ड्रिंकचा कॅन आरपार गेला तर तो पाळणा बाद. जाळीचा असेल तर हा प्रश्न येत नाही, उलट झोपल्या झोपल्या बाळ दिसतं, हवा खेळते, आपल्या हवेला मला तरी जाळीचाच बरा वाटतो.

मग मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून. या उशीवरून किती घरांत सासूबाई आणि सुनेत अबोला झाला असेल देव जाणे. झोपेत कुठलीच उशी नको, मोहरीची नको, राळ्याची नको, मधे खड्डा असलेली महागडी पण नको. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून करायचं ते वेगळंच, बाळ जागं असताना समोर बसून रोज थोडा वेळ पालथं घालायचं, आणि एक दिवस डोकं क्रिबच्या या टोकाला तर दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवायचं, कारण बाळ सारखं आईच्या बाजूलाच मान वळवून झोपतं, बेडसाइड क्रिबमध्ये तर हे हमखास होतं.

पाठीवर झोपवायचं म्हटलं की दुसरा वाद उभा राहतो. पाठीवर ठेवलं आणि दूध वर आलं तर नाकात जाईल, कुशीवर ठेव. शंका रास्त आहे, उत्तर शरीराच्या रचनेत आहे. बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. वर आलेलं दूध अन्ननलिकेत राहतं, श्वासनलिकेत जायला त्याला उलटं वर चढावं लागेल. पालथं झोपवलं की रचना उलटी होते, श्वासनलिका खाली आणि दुधाला उतार मिळतो. कुशीवरचं बाळ तर कधीही पालथं पडू शकतं. अमेरिकेत 1994 पासून बाळांना पाठीवर झोपवायची मोहीम चालवली आणि पुढच्या दहा वर्षांत सिड्सचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि मग पाठीवर ठेवा. तुमच्या बाळाला काही खास त्रास असेल, कमी दिवसांचं असेल, तर अर्थातच तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

रिकामा पाळणा म्हणजे आपल्या घरांत काय काय काढायचं, याची यादी परदेशी पुस्तकांत मिळत नाही म्हणून सांगते. गळ्यातला काळा दोरा रात्री काढा, नजर लागू नये ही भावना समजते, पण दोरा कशात तरी अडकला तर फास बसतो, पायात बांधा हवं तर, सैल मणी नसलेला. दुपट्याला लावलेली सेफ्टी पिन काढा. कुंची, टोपडं बाहेर जाताना ठीक, झोपताना नको, बाळ अंगातली उष्णता डोक्यातूनच बरीच बाहेर टाकतं. विदर्भातल्या मे महिन्यात जन्मलेल्या बाळाला लोकरीचं टोपडं घातलेलं मी बघितलंय, बिचारं लालेलाल. गरम होतंय का हे हातापायांवरून बघू नका, ते गारच असतात, मानेच्या मागे किंवा छातीला हात लावा, घामट लागलं तर एक कपडा कमी करा. एसी लावत असाल तर आपल्याकडचे बरेच डॉक्टर 24 ते 26 म्हणतात, फक्त झोत अंगावर नको. दुपट्यात गुंडाळायचं तर छातीशी बोटं जातील इतकं, पाय आत हलतील इतकं सैल, आणि बाळ कुशीवर वळायला लागल्याची पहिली खूण दिसली की गुंडाळणं बंद.

डासांचं काय करायचं? क्रिबवर सैल मच्छरदाणी टाकणं धोक्याचं, ती आत पडते. पूर्ण डबलबेडला मोठी मच्छरदाणी लावून क्रिब तिच्या आत घेता आला तर उत्तम, नाहीतर खिडक्यांना जाळ्या बसवून घ्या, नऊ महिने असतात हाताशी. आणि ती बारशाला हमखास भेट येते ती छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणीची गादी, आत मऊ गादी, मऊ उशी आणि दोन छोटे लोड, ती रात्रभराच्या झोपेसाठी नाही. उशी-लोड काढून दिवसा, समोर कोणी बसलेलं असताना, ठीक आहे.

झोळीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय मराठी घरात संपत नाही. जुन्या नऊवारीची झोळी, दोरी ओढत आजी बसलेली, बाळ दोन मिनिटांत गुडुप. हे खरं आहे. पण झोळीत बाळ वाकडं होतं, हनुवटी छातीला टेकते, आणि वर लिहिलेलं सगळं तिथे लागू होतं. त्यामुळे मी सरळ सांगते, जागं माणूस दोरी धरून समोर बसलंय तोवर झोळी, झोप लागली की उचलून सपाट गादीवर. बारशाचा टांगता लाकडी पाळणा सुद्धा बारशाला आणि दुपारच्या झोक्याला, रात्रीसाठी नाही.

आणि प्रामाणिकपणे, आपल्याकडे बहुतेक बाळं आईच्या कुशीतच झोपत आलीत, पुढेही झोपतील. क्रिब परवडला नाही, घरात बसला नाही म्हणून अपराधी वाटायचं काहीच कारण नाही. खाली जमिनीवर झोपत असाल तर आईच्या कापसाच्या गादीशेजारी बाळाची वेगळी कडक छोटी गादी, भिंतीपासून लांब, वर उशी-पांघरूण नाही, हे बऱ्याच महागड्या क्रिबपेक्षा सरस आहे. फक्त काही ठिकाणी अजिबात तडजोड नको. शेजारी झोपणारं माणूस दारू प्यायलेलं, झोपेच्या गोळ्या घेतलेलं किंवा विडी-सिगारेट ओढणारं असेल, बाळ कमी वजनाचं किंवा वेळेआधी झालेलं असेल, तर एका गादीवर नाही. आणि सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी कधीच नाही, अॅकॅडमीच्या म्हणण्याप्रमाणे सोफ्यावर कुणासोबत झोपलेल्या बाळाला धोका 67 पटींपर्यंत जास्त असतो. रात्री तीन वाजता पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल तर सोफ्यावर बसण्यापेक्षा बेडवर पाजलेलं बरं, जाग आली की क्रिबमध्ये ठेवा.

दुकानात प्रत्यक्ष बघणार असाल तर बाजू एका हाताने खाली करून बघा, दुसऱ्या हातात बाळ असणार आहे. आवाज ऐका, काहींची क्लिप असा कट्कन आवाज करते की नुकतं झोपलेलं बाळ टक्क जागं. कव्हर निघतं का, वॉशिंग मशीनमध्ये जातं का, कारण ते सतत धुवावं लागतं. खालचा कप्पा, खेळणी टांगायचा दांडा, संगीत, झोका देणारी मोटर यांना पैसे देऊ नका असं माझं मत. बाळाची नाडी, ऑक्सिजन मोजणारे मोजे आणि मॉनिटर वगैरेंमुळे सिड्स टळतो असंही कोणी धरून चालू नये, ही अॅकॅडमीची सुद्धा भूमिका आहे.

जुना घ्यायला हरकत नाही, ही वस्तू जेमतेम पाच-सहा महिने वापरली जाते, नणंदेची, मैत्रिणीची सहज मिळते. मूळ गादी, पट्टे, सगळे स्क्रू आणि मॅन्युअल आहे का एवढं बघा. पट्टा हरवला असेल आणि कंपनी तो सुटा देत नसेल तर बाकी कितीही नवाकोरा असला तरी सोडून द्या. घरच्या सुताराकडून कपाटाच्या उरलेल्या प्लायमधून बनवून घेणारे पण असतात, तिथे गजांचं अंतर, आडीची उंची आणि गादीचं माप तुम्हीच लिहून द्या, सुताराला ते माहीत असायचं कारण नाही.

बहुतेक क्रिब साधारण 9 किलो वजनापर्यंत म्हणून लिहिलेले असतात, पण आपल्या बाळांच्या बाबतीत वजनाची वेळ यायच्या आधीच मुदत संपते. बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलायला लागलं, गुडघ्यांवर यायला बघायला लागलं, की त्याच दिवशी त्यातून बाहेर, मग ते चार महिन्यांचं असो की सहा, कारण पावणेपाच इंचाची आड आता त्याला थांबवणार नाही. पुढच्या मोठ्या, उंच कडांच्या पाळण्याची सोय म्हणून चौथा महिना लागतानाच करून ठेवा आणि हा उतरवताना स्क्रू, पट्टे एका पिशवीत घालून ती पिशवी क्रिबलाच बांधून ठेवा, पुढच्या जिच्या घरी जाईल तिला शोधत बसावं लागणार नाही.